पाण्याचा कायदा लागू झाला का, हे राजपत्रात कसं तपासायचं

"तो, स्वल्पविराम, राज्य शासन, स्वल्पविराम, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, स्वल्पविराम, नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल, पूर्णविराम."

सरकारी छापखान्यात कॉपीहोल्डर म्हणून लागले तेव्हा हे वाक्य मी किती वेळा मोठ्याने वाचलं असेल, सांगता येणार नाही. मूळ प्रत माझ्या हातात, गॅली प्रूफ समोरच्या मुद्रितशोधकाच्या हातात, आणि विरामचिन्हांसकट वाचायचं अशी पद्धत. पुढे मी स्वतः मुद्रितशोधक झाले, मग दुसरं कुणी मला वाचून दाखवू लागलं. वाक्य तेच. कायदा बाजार समितीचा असो, शाळांचा असो की पाण्याचा, पहिल्या कलमात ते बहुतेक वेळा भेटायचं. स्वल्पविराम जागेवर आहेत ना, एवढंच मी बघत असे. त्या वाक्यात किती माणसांचं किती अडकलेलं असतं ते मला निवृत्त होऊन गावी आल्यावर कळलं.

गाव परभणी जिल्ह्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचं. कालवा २०८ किलोमीटरचा आणि आम्ही टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची माणसं. पाणी सुटल्याची बातमी आमच्याकडे पाण्याच्या कितीतरी आधी येते. कायद्यांचंही तसंच होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये धाकट्या दिरांचा मुलगा एक झेरॉक्स घेऊन आला. "काकू, नवा पाणी कायदा आलाय म्हणं. विहीर-बोअरची नोंदणी केली नाही तर सील करणार. गावातला एकजण पैसे घेऊन करून द्यालाय." तो कागद कुठल्याशा कार्यालयातून निघून गावभर फिरला होता. मी चष्मा लावला आणि सवयीने आधी डोकं वाचलं, मजकूर नंतर. डोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं: मसुदा. खाली हरकती व सूचना पाठवायची मुदत. पुतण्याला कुणी हे वाचून दाखवलंच नव्हतं.

कायदा नवा नव्हता, तो चार वर्षांपूर्वीच लागू झालेला होता. नवे होते ते नियम, आणि ते अजून नियम झालेले नव्हते. त्या रात्री ओट्यावर बसून मी त्याला जे समजावलं, ते इथे सविस्तर लिहिते. वकिली सल्ला म्हणून वाचू नका. ज्याला मराठी वाचता येतं त्याला हे स्वतःचं स्वतः तपासता येतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी कायद्याची सगळी सालं वेगळी करा

कोरी वही घ्या. कायद्याचं पूर्ण नाव वर लिहा आणि खाली पाच ओळी आखा: नावातलं साल, अधिनियम क्रमांक व त्याचं साल, राजपत्रात (सरकारी गॅझेटात) प्रसिद्धी, अंमलाचा दिनांक, नियम.

आमच्या ओट्यावरचं उदाहरण महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ चं. नावात २००९ आहे म्हणून तो २००९ पासून लागू आहे असं लोक धरून चालतात. पण अधिनियम क्रमांक बघा: २०१३ चा २६. राष्ट्रपतींची संमती मिळून तो राजपत्रात आला तो २०१३ मध्ये. अंमलात आला १ जून २०१४ ला. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला जुलै २०१८ मध्ये. एका कायद्याला चार सालं, आणि चारही खरी. २०१२ साली कुणी या कायद्याचा धाक दाखवला असता तर तो पोकळ ठरला असता. २०१५ मध्ये कुणी "तो अजून लागूच नाही" म्हणाला असता तर तोही चुकला असता.

१ जून २०१४ ला रविवार होता. कायदा सुरू व्हायला कार्यालय उघडं असावं लागत नाही. आदल्या दिवसाचे रात्रीचे बारा वाजले की तो सुरू. कायद्यातला दिवस मध्यरात्री बदलतो, सूर्योदयाला नाही. पंचांग पाळणाऱ्या आमच्या घरात हे मला दोनदा सांगावं लागलं.

विधेयक मंजूर झालं, एवढ्यावर थांबू नका

"विधानसभेत कायदा पास झाला" ही बातमी आली की गावात कायदा आला असं समजतात. अजून बराच रस्ता असतो. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. ते संमती देतात, परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. घटनेचा अनुच्छेद २०० त्यासाठी आहे. पाणी हा राज्यसूचीतला विषय, नोंद १७. तरी एखाद्या तरतुदीचा केंद्राच्या कायद्याशी सांधा लागत असेल तर फाइल दिल्लीला जाते, आणि तिथे किती काळ राहील हे तुमच्या-माझ्या हातात नसतं. भूजल कायद्याची वाट लांबली त्यात हा टप्पाही होता.

संमती मिळाली की विधेयकाचा अधिनियम होतो. राजपत्रात विधेयक भाग पाचमध्ये छापतात, मराठी अधिनियम भाग चारमध्ये. आमच्याकडे नवीन लागलेली मुलं या दोन भागांची गल्लत करत. वाचणाऱ्यानेही करू नये. हातात आलेला कागद भाग पाचचा असेल तर तो अजून नुसता प्रस्ताव आहे, कितीही जाड असला तरी.

विधिमंडळ बसलेलं नसेल तर राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण आयुष्य थोडं. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही तर तो संपतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातली पाणीवाटपाबद्दलची दुरुस्ती अशीच आली. आधी २०१० मध्ये अध्यादेश, मग २०११ मध्ये कायदा, आणि आधी होऊन गेलेले वाटपाचे निर्णयही त्यातून वैध ठरवले गेले. म्हणून अध्यादेश हाती आला की वहीत तारीख लिहा आणि पुढच्या अधिवेशनानंतर पुन्हा तपासा.

कलम एक, पोटकलम तीन

आता मुख्य जागा. अधिनियमाचं पहिलं कलम उघडा. बाजूला लिहिलेलं असतं: संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ. "प्रारंभ" हा शब्द पकडा. त्याखाली साधारण चार प्रकारची वाक्यं सापडतात.

कधी सरळ तारीख असते. कधी "तो तात्काळ अंमलात येईल". कधी "अमुक दिनांकास अंमलात आला असल्याचे मानण्यात येईल", म्हणजे कायदा मागच्या तारखेपासून धरायचा. असं वाक्य दिसलं की थांबून विचार करा, कारण मधल्या काळात तुम्ही जे केलं किंवा तुमच्याबाबत जे झालं त्याला हा कायदा लागू होऊ शकतो. आणि चौथं माझं जुनं ओळखीचं वाक्य: राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास.

या चौथ्या प्रकारात पुस्तकात तारीख सापडणारच नाही. ती बाहेर आहे, वेगळ्या कागदावर. कायदा छापून झालेला असतो, क्रमांक मिळालेला असतो, दुकानात पुस्तिकाही मिळते, आणि तरी तो निजलेला असतो. शेजारी अजून एक वाक्य असू शकतं, "निरनिराळ्या तरतुदींकरिता व निरनिराळ्या क्षेत्रांकरिता निरनिराळे दिनांक". ते असेल तर एका अधिसूचनेवर समाधान मानू नका. कलम ३ सुरू झालं असेल आणि कलम २० नसेल, तुमच्या शेजारच्या तालुक्यात सुरू असेल आणि तुमच्याकडे नसेल.

कायद्यात प्रारंभाबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर? तेव्हा सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), म्हणजे कायदे कसे वाचायचे हे सांगणारा कायदा, बघायचा. महाराष्ट्राचा अधिनियम असेल तर संमती राजपत्रात पहिल्यांदा प्रसिद्ध होते तो दिवस. केंद्राचा असेल तर राष्ट्रपतींनी संमती दिली तो दिवस. हा फरक लहान दिसतो, पण एखाद्या दिवसावर दावा बुडू शकतो.

अधिसूचना ओळखायची कशी

राज्याचं राजपत्र शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. केंद्राचं ई-राजपत्र वेगळं आहे, आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ते छापायचं बंद होऊन फक्त संगणकावरच निघतं. शोधताना आधी विभाग ठरवा. भूजल कायदा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे, कालवे आणि सिंचन जलसंपदा विभागाकडे. चुकीच्या विभागात दिवसभर शोधत बसलेली शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. महाराष्ट्राच्या अधिनियमाखालचे नियम व आदेश भाग चार-ब मध्ये बघा, केंद्राच्या अधिनियमाखाली राज्याने केलेले चार-अ मध्ये. तातडीचं असेल तर "असाधारण" असं डोक्यावर छापलेलं असतं.

मग कागद वरून खाली वाचा. वर इंग्रजी तारीख आणि तिरकी रेघ देऊन शके. १ जून २०१४ म्हणजे ज्येष्ठ ११, शके १९३६. दोन्ही तारखा जुळतात का ते आम्ही बोटं मोजून तपासत असू. तुम्हीही एकदा तपासा, बनावट कागद इथेच पकडला जातो. त्याखाली विभागाचं नाव आणि मंत्रालयाचा पत्ता. मग ठळक "अधिसूचना" हा शब्द, क्रमांक, आणि एक लांबलचक वाक्य: अमुक अधिनियमाच्या कलम १ च्या पोटकलम (३) द्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून, महाराष्ट्र शासन, याद्वारे, अमुक दिनांक हा उक्त अधिनियम अंमलात येण्याचा दिनांक म्हणून नियत करीत आहे. शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" आणि सही करणाऱ्याचं नाव व पदनाम.

यातला "कलम १ च्या पोटकलम (३) द्वारे" हा तुकडा सर्वात मोलाचा. कुठल्या अधिकाराने लिहितो आहे हे अधिसूचना स्वतः सांगते. अधिकाराचं कलम न सांगणारा कागद हाती आला तर "हे कुठल्या कलमाखाली?" असं लेखी विचारा.

शासन निर्णय आणि परिपत्रक हे वेगळे कागद. शासन निर्णयावर संगणक सांकेतांक असतो आणि तो खात्याच्या कामकाजासाठी निघतो. कलम एकमध्ये "राजपत्रातील अधिसूचनेद्वारे" असं लिहिलं असेल तर शासन निर्णयाने कायदा सुरू होत नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीने होत नाही, मंत्र्यांच्या भाषणाने होत नाही, आणि फोनवर फिरणाऱ्या मजकुराने तर नाहीच.

प्रसिद्धीला इतकं महत्त्व का, याचा एक निकाल मला पाठ आहे. हरला विरुद्ध राजस्थान, सर्वोच्च न्यायालय, १९५१. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने अफूबद्दलचा एक कायदा ठराव करून केला, पण तो कुठेच नीट प्रसिद्ध केला नाही. न्यायालयाने म्हटलं की जो कायदा लोकांना कळवलाच नाही त्याखाली माणसाला शिक्षा करणं न्यायाला धरून नाही. छापखान्यात हा निकाल मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितला होता, आणि त्या दिवसापासून प्रूफ वाचण्याकडे मी निराळ्या नजरेने बघू लागले.

तारीख मिळाली, तरी काम निम्मंच झालं

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण टेलच्या माणसाचं नुकसान याच जागी होतं.

पाण्याचा कायदा तारखेने उठून बसतो, पण चालायला त्याला हातपाय लागतात: अधिकारी नेमल्याची अधिसूचना, क्षेत्र जाहीर केल्याची अधिसूचना, नियम. यातलं एक नसलं तरी तो जागेवर बसून राहतो.

महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ बघा. ज्या साली जायकवाडीचं लोकार्पण झालं त्याच सालचा हा कायदा. अंमलात आला १ जानेवारी १९७७ ला. मुंबई इलाख्याचा १८७९ चा, मध्य प्रांतांचा १९३१ चा आणि आमच्या मराठवाड्याला लागू असलेला हैदराबादचा फसली (निजामाच्या राज्यातल्या सालगणनेच्या) १३५७ चा, असे तीन पाटबंधारे कायदे त्याने रद्द केले, म्हणजे सगळ्या राज्याला एकच कायदा. माझे सासरे म्हणत, निजामाचं गेलं, आता आपलं आलं. पण या कायद्याखालचे नियम करायचे होते, आणि चाळीस वर्षं उलटली तरी ते झाले नाहीत. कारभार चालला तो १९३४ च्या मुंबई कालवे नियमांवर. कायदा स्वतंत्र भारताचा आणि नियम इंग्रजांच्या काळातले. नदीचं पाणी कालव्यासाठी वापरायचं तर तशी अधिसूचना काढायला लागते, लाभक्षेत्र, म्हणजे कालव्याच्या पाण्याखाली येणारी जमीन, अधिसूचित करावं लागतं, कालवा अधिकारी नेमावे लागतात. जिथे हे अर्धवट राहिलं, तिथे चोरून पाणी उपसणाऱ्यावर कारवाई करायला पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात बळ कुठून येणार? वरच्या अंगाला मोटारी चालतात आणि खाली आमच्या चाऱ्या कोरड्या राहतात, त्याला दुष्काळाइतकंच हे न झालेलं कागदाचं कामही कारण आहे, असं माझं ठाम मत आहे. कायदा करणाऱ्या पिढीने निम्मं काम केलं. उरलेलं निम्मं कुणी मागितलंच नाही, कारण ते उरलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून वहीत अजून चार प्रश्न लिहा. या कायद्याखाली अंमल कोण करणार आणि त्याला नेमल्याची अधिसूचना आहे का? माझं गाव, माझी चारी, माझं पाणलोट अधिसूचित क्षेत्रात येतं का? नियम अंतिम झाले का? रद्द झालेल्या कायद्याचं काय शिल्लक आहे?

भूजल कायद्यावर हे चारही लावून बघा. राज्य भूजल प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण काम करेल असं कायद्यातच आहे, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्या पातळीपुरतं मिळालं. दुसरा प्रश्न शेतकऱ्याच्या सर्वात जिव्हाळ्याचा. शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे ती अधिसूचित क्षेत्रात. तुमचं पाणलोट अधिसूचित आहे की नाही, यावर तुमच्या बोअरला ती मनाई लागू होते की नाही हे ठरतं. पुतण्याला जो सील करायचा धाक दाखवला होता त्याला पहिला प्रश्न हाच होता: आमचं क्षेत्र अधिसूचित केल्याचं राजपत्र दाखवा. ते दाखवायला कुणी आलं नाही.

मसुदा नियम आणि अंतिम नियम

कायद्यात "पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून" असे शब्द असतील तर सरकारला आधी मसुदा छापावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, त्यांचा विचार करावा लागतो, आणि मगच अंतिम नियम काढता येतात. मसुद्याच्या अधिसूचनेत "अमुक दिनांकास किंवा त्यानंतर विचारात घेण्यात येईल" असं वाक्य सापडेल. अंतिम नियमांच्या अधिसूचनेत "पूर्वी प्रसिद्ध करण्यात आल्याप्रमाणे" असं. या दोन वाक्यांवरून कागदाची जात ओळखा. मसुद्यावर कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका.

पण मसुदा फेकूनही देऊ नका. हरकत पाठवायची ती वेळ असते आणि ती एकदाच येते. आम्ही २०१८ मध्ये ओट्यावरून तीन हरकती पाठवल्या. नियमाचा क्रमांक लिहायचा, त्यातले कुठले शब्द बदलावेत ते लिहायचं, त्याऐवजी कुठले शब्द घालावेत तेही लिहायचं, आणि कारण दोन वाक्यांत. "हे नियम शेतकरीविरोधी आहेत" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शब्दाला शब्द दिला तर त्याला उत्तर शोधावं लागतं. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला टाचा.

जुना कायदा पुरता मरत नाही

प्रत्येक नव्या कायद्याच्या शेवटी "निरसन व व्यावृत्ती" असं एक कलम असतं. निरसन म्हणजे जुना रद्द. व्यावृत्ती म्हणजे जुन्याखाली झालेलं काय काय टिकवलं. भूजलाचा नवा कायदा येण्याआधी पिण्याच्या पाण्यासाठीचा १९९३ चा भूजल कायदा होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, हे गावागावाला माहीत झालं ते त्या कायद्याने. जुन्या कायद्याखाली निघालेला आदेश तुमच्या हातात असेल तर नवा कायदा आला म्हणून तो आपोआप रद्दी होत नाही, आधी व्यावृत्तीचं कलम वाचा. १९३४ चे नियम इतकी वर्षं जगले तेही अशाच कलमाच्या आधारावर.

केंद्राचा कायदा आणि लवादाचा निवाडा

पाणी राज्याचा विषय, मग प्रदूषणाचा केंद्रीय कायदा कसा? दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केली तर अनुच्छेद २५२ खाली संसद असा कायदा करू शकते. तो आधी त्या राज्यांतच लागू होतो, बाकीची राज्यं ठराव करून तो स्वीकारतात. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा असाच झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता. केंद्राचा इथे स्वीकारला गेला १ जून १९८१ पासून. २०२४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली ती हिमाचल प्रदेश आणि राजस्थानच्या ठरावांवरून, आणि सुरुवातीला ती त्या दोन राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. तेव्हा दिल्लीची बातमी वाचल्यावर आपल्या विधिमंडळाचा स्वीकाराचा ठराव कुठल्या तारखेचा, हा प्रश्न विचारायचा.

धरण सुरक्षा अधिनियमाचं उलट. तो २०२१ च्या डिसेंबरात संमत झाला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला देशभर लागू झाला. सरकारला हवं असेल तर महिना पुरतो.

नदी दोन राज्यांची असेल तर लवादाचा निवाडा केंद्राच्या राजपत्रात यावा लागतो, मगच तो राज्यांवर बंधनकारक. म्हादईचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ चा. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिघांचा. राजपत्रात आला २७ फेब्रुवारी २०२० ला. कावेरीचा अंतिम निवाडा २००७ चा, प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये. कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये निवाडा दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याच्या प्रसिद्धीला मनाई केली. कृष्णाकाठच्या माणसाने लवादाचे आकडे तोंडपाठ केले असतील तर त्याने आधी हे लक्षात घ्यावं.

तारीखच सापडत नसेल तर

सरळ माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' वर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा असा इथला नियम आहे, म्हणून तक्रार, इतिहास, गाऱ्हाणं काहीही लिहू नका. मी असं लिहिते:

"महाराष्ट्र ....... अधिनियम, सन ...... (अधिनियम क्रमांक ....) याच्या कलम १ च्या पोटकलम (३) खाली काढलेल्या अधिसूचनेची/अधिसूचनांची राजपत्रासह साक्षांकित प्रत द्यावी. अशी अधिसूचना काढलेली नसल्यास तसे लेखी कळवावे. या अधिनियमाखालील अंतिम नियमांच्या अधिसूचनेची साक्षांकित प्रत द्यावी."

"काढलेली नसल्यास तसे लेखी कळवावे" हे वाक्य गाळू नका. त्याच्याशिवाय "माहिती उपलब्ध नाही" एवढं उत्तर येतं आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही. अधिसूचना निघालेलीच नाही असं लेखी मिळालं तर तो कागद घेऊन आमदारांकडे जाता येतं, तारांकित प्रश्न मागता येतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

न्यायालयात जायचं म्हणाल, तर अपेक्षा बेताची ठेवा. संसदेने तारीख ठरवणं सरकारवर सोपवलं असेल तर "आजच लागू करा" असा आदेश न्यायालय देणार नाही, हे ए. के. रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. नंतर १९८८ मध्ये एका प्रकरणात एवढं मान्य केलं की, लागू करायचं की नाही याचा विचार तरी करा असं सरकारला सांगता येतं. नियम आणि अधिसूचनांबद्दल मात्र जनहित याचिका झाल्या आहेत आणि सरकारला उत्तरं द्यावी लागली आहेत.

माझ्या वहीत आता अकरा पाण्याचे कायदे आहेत, प्रत्येकाला एक पान. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशन संपलं की पंधरा दिवसांनी मी सगळी पानं पुन्हा तपासते आणि पेन्सिलने तारीख घालते. पेन्सिलने अशासाठी की अधिसूचनेला शुद्धिपत्रक निघू शकतं, आणि शुद्धिपत्रक निघालं की आधीचा आकडा खोडून नवा लिहावा लागतो. मूळ अधिसूचना मिळाली की त्याच क्रमांकाचं शुद्धिपत्रक नंतरच्या अंकांत आहे का, तेही शोधा. प्रूफ आम्ही डोळ्यांत तेल घालून वाचत होतो, तरी चुका राहत होत्या.